खांदा बोलतो तेव्हा

हृदयाचं ऑपरेशन झालं आणि भाऊजींचं बस चालवणं बंद झालं. रिकामं बसवेना म्हणून त्यांनी ब्रश हातात घेतला. कित्येक महिने खपून पहिलं मोठं चित्र पूर्ण केलं. घरात सगळ्यांनी "वा, वा!" म्हटलं, पण त्यांचं समाधान होईना. चित्र उचलून ते माझ्या खोलीत आले. मी शाळेत चित्रकला शिकवते.

"वहिनी, मन राखायला बोलू नका. खरं सांगा."

चित्रात एक उघडाबंब माणूस उभा होता. छातीवर कुलूप, डोक्यावर पिंजरा, पिंजऱ्यात निळा पक्षी, मागे शिडी, पायाशी तुटकी साखळी. हात पाठीमागे. भाऊजी एकेका वस्तूचा अर्थ समजावू लागले. शिडीपर्यंत पोचेतो त्यांना धाप लागली.

"भाऊजी, तुम्ही शेजारी आहात म्हणून मला कळतंय. उद्या हे भिंतीवर टांगलं, तर तुम्हीही शेजारी टांगून घेणार का?"

ते हसले, पण कसनुसं.

"इतक्या वस्तू एकदम बोलतायत, की त्या माणसाचंच ऐकू येत नाही. आता हा डावा खांदा बघा. पुढे झुकलाय, छातीला जपतोय. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तुमचा असाच होता. तो दिसल्यावर कुलूप कशाला हवं?"

"म्हणजे बाकी सगळं पाण्यात?"

"छे! ते करता करताच खांदा सापडला ना? आणि हात का लपवलेत?"

"येत नाहीत काढता."

"शिकता येतील."

चित्र काखोटीला मारून ते निघून गेले. रात्री पानावरूनही लवकर उठले. ते गेल्यावर आमचे हे माझ्यावर उखडले, "दुखण्यातून उठलेल्या माणसाशी दोन शब्द गोड बोललीस तर काय बिघडतं?"

त्या आठवड्याच्या शेवटी भाऊजी पुन्हा दारात. कुलूप, साखळी, शिडी रंगाखाली गेली होती. डोक्यावरचा पिंजरा तेवढा उरला होता. बाकी माणूस एकटाच उभा होता आणि आता खोलीत आल्याबरोबर नजर त्याच्याकडेच जात होती.

"पक्षी राहू देऊ का?"

"कशासाठी?"

"मला जमलाय हो तो!"

"मग त्याचं वेगळं चित्र करा. बिचारा पिंजऱ्यातून तरी सुटेल."

भाऊजी छातीवर हात दाबून खदाखदा हसले. ऑपरेशननंतर असं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

दुपारी त्यांनी ह्यांना खिडकीपाशी उभं केलं, हात सैल सोडून.

"नाक खाजवू का रे?"

"दादा, हलू नकोस!"

पहिला हात गाजरांच्या जुडीसारखा झाला. भाऊजींनी तो डोळे बारीक करून पाहिला, स्वतःच पुसला आणि माझ्याकडे न बघता दुसरा काढायला घेतला.