पियानोच्या पोटातल्या अक्षता

गोदूबाई कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. केबिन रोडच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची, तेव्हा घासाघीस करणाऱ्याला तोंडाने असं सोलून काढायची की त्यापेक्षा पाटीतल्या कोळंबीची गत बरी. भाईंदरच्या जुन्या कोळीवाड्यात भांडण लागलं की लोक आधी बघत गोदूबाई कुणीकडे आहे, आणि मग आपली बाजू ठरवत.

तिची नात रुचिता मात्र बोलायला कंजूष. शाळेतल्या सिस्टरने तिला लहानपणी पियानोपाशी बसवलं आणि पोरगी खडकाला कालव चिकटावं तशी तिथेच चिकटली. मधल्या सुट्टीत वाजव, शाळा सुटल्यावर वाजव. पुढे स्कॉलरशिपवर व्हिएन्नाला गेली, तिकडच्या स्पर्धा जिंकली, आणि आता जर्मनीत, जपानात गोरी-पिवळी माणसं तिकीट काढून तिला ऐकायला बसतात. गोदूबाईने हे सगळं मोबाइलवर बघितलेलं. त्यात काय कळणार? डास गुणगुणावा तसा आवाज. पण गावात सांगताना असं सांगायची, जशी काही जपानात पहिल्या रांगेत हीच बसली होती. माघारी लोक हसायचे. "एवढी वर्सं शिकतेय, अजून एका हळदीत वाजवलं न्हाय!"

ते रुचिताच्या कानावर गेलंच. म्हणून या खेपेला सुट्टीवर आली तेव्हा तिने जेसल पार्कजवळच्या हॉलमध्ये आपल्या माणसांसाठी कार्यक्रम ठरवला. शेवटी एक मोठी, वादळासारखी रचना वाजवणार होती. "आजे, ती ऐकलीस की कळेल, मी तिकडे काय करते ते," ती म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी पियानो टेम्पोतून आला. काळाभोर, चकचकीत, लहान होडीएवढा. दुपारी गोदूबाई सुनेला, मंदाला, घेऊन हॉलवर हजर. हातात पूजेचं ताट. नवी होडी पूजेशिवाय पाण्यात लोटत नाहीत, मग हे एवढं धूड बिनपूजेचं कसं राहील? वरचं झाकण उघडंच होतं. गोदूबाईने लाकडाला हळद-कुंकू लावलं, हात जोडले आणि मूठभर अक्षता टाकल्या थेट आत, तारांवर. पियानोच्या पायावर फोडायला नारळ उचलला, तेवढ्यात मंदाने मनगट धरलं.

पियानोचे सूर लावायला आलेला भूपेश चहा पिऊन परत आला आणि दारातच ओरडला.

"माँजी! ये क्या किया?"

"पूजा केली. तुला सुचली न्हाय म्हणून मी केली."

"अहो, आत तांदूळ टाकला तुम्ही!"

"मग काय धोंडे टाकायचे होते?"

भूपेश चिमटा घेऊन वाकला. एकेक दाणा काढता काढता त्याच्या शर्टाची पाठ भिजली. बरेच निघाले. पण काही दाणे जाड तारांच्या खाली, लोखंडाच्या आडोशाला जाऊन बसले, ते काही केल्या हाती येईनात. तेवढ्यात रुचिता आली. तिने डाव्या हाताकडची एक पट्टी जोरात दाबली. पियानोच्या पोटातून चर्रर्र आवाज आला, फुटक्या रेडिओसारखा.

"हळू वाजवलं तर दाणे गप बसतात," भूपेश म्हणाला. "जोरात वाजवलं की नाचतात."

गोदूबाईने पदर कमरेला खोचला. नात आता भांडेल, मग आपणही दोन शब्द सुनावू. पण रुचिताने नुसतं आजीकडे बघितलं. चेहरा उतरला होता.

"मोठं गाणं आज नाही वाजवता येणार," ती म्हणाली. "हळू आहेत तेवढीच वाजवते."

गोदूबाईने खोचलेला पदर सोडला. 'चुकलं' हा शब्द तिच्या तोंडाला सवयीचाच नव्हता.

संध्याकाळी हॉल भरला. अर्धा कोळीवाडा, बाकी पार शांती नगरपासून आलेली मंडळी. रुचिता आली, बसली, आणि सुरू झाली. इतकं हळू, की आधी कुणाकुणाला वाटलं, अजून सुरूच व्हायचंय. मग एकेक कुजबुज थांबली. पोरं गप्प झाली. खुर्च्या करकरायच्या थांबल्या. गोदूबाई बघतच राहिली. जन्मभर तिने माणसं गप्प केली ती आवाज चढवून. ही पोर आवाज उतरवत होती, आणि अख्खा हॉल तिच्याकडे झुकत होता. सूर कधी संपतो आणि त्याच्या मागची शांतता कधी सुरू होते, तेही कळेना. ही आपल्या घरची? हिला आपण भरवलं?

टाळ्या झाल्या. रुचिता नमस्कार करायला उठली. तेवढ्यात मागच्या रांगेतून दशरथचा आवाज आला. गोदूबाईचा चुलतदीर, गावातला पहिल्या नंबरचा हसणारा. बायकोला सांगत होता, "गोड हाय गो सरू, पण पोरीच्या हातात जोर न्हाय."

झालं. गोदूबाई उभी राहिली, वळली, आणि केबिन रोडवरचा तो आवाज हॉलभर घुमला.

"जोर न्हाय? दशरथा, तुझ्या सात पिढ्यांत न्हाय तेवढा जोर हाय तिच्या एका करंगळीत! तांदूळ मी टाकलाय त्या पेटीत, या हाताने. आत दाणे वाजतात म्हणून हळू वाजवलंन तिनं. चूक माझी हाय. नाव ठेवायचं तर मला ठेव!"

मंदाने डोळे मिटून घेतले. स्टेजवर रुचिता हसत सुटली, लहानपणी हसायची तशी, पोट धरून.

"आजे, मग वाजवू का मोठं? तांदळासकट?"

"वाजव! नाचतील तर नाचू देत."

रुचिता बसली. दोन्ही हात वर उचलले आणि सोडले.

पायाखालची जमीन थरथरली. गोदूबाईने खुर्चीचा हात घट्ट धरला. दिसत होती दहाच बोटं, पण आवाज दहांचा नव्हता. एक लाट अजून फुटत असायची, तोवर तिच्या मागून दुसरी उभी राहायची. खाडीच्या तोंडाशी उधाणात सापडलेल्या माणसाला वाटतं, आता वर-खाली काही उरलं नाही, तसं झालं. मधूनच दाणे चरचरायचे, आणि त्या कल्लोळात फेसासारखे विरून जायचे. भूपेश पडद्याआड तोंडावर हात ठेवून उभा होता. ते एवढेसे हात पियानोतून समुद्र उपसत होते, आणि पोरीचा चेहरा मात्र कसा शांत, वल्हं मारणाऱ्या नाखव्यासारखा.

मागून दशरथचं "आयला" ऐकू आलं. भांडण जिंकल्यावर समोरच्याचं पडलेलं तोंड बघायचं गोदूबाईने आयुष्यात कधी सोडलं नव्हतं. आज तिला मागे वळायची आठवणच झाली नाही.