तळ्यावरचा संगणक

"हिल्काचा फोल्डर?" माझा नवरा ताउनो चष्मा पुसत म्हणाला. "पुसला की मी तो. जागाच उरली नव्हती. कचरापेटीसुद्धा रिकामी केली. तळ्यावरच्या घरात दुसरी प्रत आहेच ना!"

हिल्का माझी धाकटी बहीण, गेल्या वसंतात गेली. तिचा आवाज उरला होता तो त्या फोल्डरमध्येच. बोलणं, खोकणं, खिदळणं, सगळं.

आमचे दोन्ही संगणक एकमेकांशी जुळवून दिले होते आमच्या मुलाने, यार्क्कोने. इथे टाकलं की तिथे आपोआप जायचं. त्यालाच फोन लावला.

"आई, इथे पुसलं की तिथलंही पुसलं जातं! तिकडचा चालू आहे का?"

"नाही रे. शरदात कुलूप लावलं, तेव्हापासून बंदच."

"मग वाचलात. पण इंटरनेटचा डोंगल त्यालाच अडकवलेला असेल. नेट मिळताच तिथलंही पुसलं जाईल, म्हणून तो उपटल्याशिवाय बटणाला हात लावू नका. बाबांना तर जवळच जाऊ देऊ नकोस!"

बर्फातून तळ्यापर्यंत मी ताउनोशी अवाक्षर बोलले नाही. आम्हा फिन लोकांना गप्प राहणं ही काही शिक्षा नव्हे, पण त्या दिवशी ते त्याला झोंबलं.

घर थिजून गेलं होतं. मी आधी डोंगल उपटला आणि मुठीत घट्ट धरला. संगणकही गारठलेला; तसाच चालू केला तर आत पाणी धरेल, म्हणून ताउनोने शेगडी पेटवली. खोली उबदार होईपर्यंत कोट न काढता त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो.

"मला वाटलं," तो हळूच म्हणाला, "दोन ठिकाणी आहे म्हणजे एकीकडचं गेलं तरी चालेल."

माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण त्याचा चेहरा बघवेना. थर्मासमधली कॉफी आधी त्यालाच ओतून दिली.

"बटण तूच दाब," तो म्हणाला.

दाबलं. फोल्डर जागेवर होता. हाताला लागलं ते पहिलं रेकॉर्डिंग लावलं. आधी बशांचा खणखणाट, मग हिल्काचा खणखणीत आवाज. "ताउनो! हात नको लावूस त्याला, बिघडवशील!"

ताउनोने चटकन उठून दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नाही लावत गं, हिल्का," तो म्हणाला, आणि तसाच उभा राहून लहान पोरासारखा रडला.