दुमडलेला कोपरा

मित्रांनो, मी एक जुना, भोकं पडलेला पुठ्ठा आहे. हसू नका, ही भोकं मोजून पाडलेली आहेत.

मूळचा मी शर्टाच्या खोक्याचं झाकण. शिवणकाम करणाऱ्या आत्यानं दाभण तापवून माझ्यावर दोन पावलं टोचली, वर दहा बोटं. टाचा कुठल्या बाजूला हे चटकन कळावं, म्हणून तिकडचा एक कोपरा दुमडून ठेवला. मला फरशीवर ठेवायचं, मूठभर रांगोळी पसरून तळवा फिरवायचा आणि अलगद उचलायचं. खाली पावलं उमटलेली असत.

बाकीची रांगोळी आत्या चिमटीनं काढायची आणि भाचीला, भिंगरीला, अर्थ सांगायची. "कमळ चिखलातून वर येतं, म्हणून त्याला दारात मान. स्वस्तिकाचे हात चारी दिशांना, कुठूनही भलं येवो. आणि पावलं कायम घरात येणारी." जिन्यातून येणारे इस्त्रीवाले काका गाठोडं सांभाळत रांगोळीवरून उडी मारत आणि पुटपुटत, "या वयात लंगडी खेळायला लावता." माझी छाती फुगायची.

पुढे शिलाई मशीन डुगडुगू लागलं आणि माझी रवानगी त्याच्या पायाखाली झाली. कुणालाच काही वाटलं नाही, ह्याचं मला फार वाईट वाटलं. तिथेच माझा दुमडलेला कोपरा तुटून पडला.

मग आत्याला परगावी शिवणवर्गात शिकवायची नोकरी लागली. वर्षभरासाठी. भिंगरीनं जेवण सोडलं. निघायच्या दिवशी, आत्या पिशव्या बांधत असताना, भिंगरीनं मला मशीनखालून ओढून काढलं. घरात येणारी पावलं काढली की आत्या जाणार नाही, असं तिच्या मनानं घेतलं होतं. उंबऱ्यापासून जिन्यापर्यंत तिनं सात जोड्या उठवल्या. मी ओरडणार कसा? खुणेचा कोपरा नव्हता आणि मी उलटा होतो.

इस्त्रीवाले काका आले आणि उडी मारायची विसरून उभे राहिले. "पोरी, ही तर बाहेर चालली की."

भिंगरीचा चेहरा पडला. "मीच घालवलं तिला," म्हणत ती रडू लागली आणि पुसायला वाकली. आत्यानं तिचा हात धरला.

"राहू दे. मला जायचंच आहे, तुझ्यामुळे नाही. पण निघताना आपण काय म्हणतो गं?"

"येते."

"मग तेही काढूया."

आत्यानं मला फिरवलं आणि शेजारून दुसरी रांग काढली, जिन्याकडून घरात येणारी. मग नवा कोपरा दुमडला, पिशव्या उचलल्या, "येते हं," म्हणाली आणि उतरून गेली.

मित्रांनो, तेव्हापासून मी मशीनखाली गेलो नाही. भिंगरी माझी भोकं कोरड्या फडक्यानं पुसते, मला कपाटात आडवा ठेवते. तुमच्या घरातही एखादा मळका पुठ्ठा दिसला, तर फेकण्याआधी तो कुणी कशासाठी टोचला होता एवढं विचारा.

वर्षभर दर रविवारी भिंगरीनं दोन्ही रांगा काढल्या. वर्ष भरलं त्या रविवारी मात्र एकच काढली, आत येणारी. दुपारी जिन्यात पिशव्या टेकवल्याचा आवाज आला. आत्यानं साडी जरा वर धरली, इस्त्रीवाल्या काकांसारखी उडी मारली आणि ती घरात आली.