कानस लावलेलं नाणं

फिटरने सीलबंद पाकीट कात्रीने कापलं, आतलं जुनं चांदीचं नाणं बोटांत घट्ट धरलं आणि त्याच्या कडेवर कानस टेकवली. बायको गॅस बंद करून समोर येऊन उभी राहिली.

लेक कपड्यांच्या दुकानात नोकरीला होती. पुढच्या वर्षी तिला नर्सिंगला घालायचं म्हणून राखलेले पैसे त्याने या नाण्यात घातले होते. तोवर भाव चढेल, फी भागून वर काही उरेल, असा त्याचा हिशेब. पण नाणं घरी आल्यापासून झोप उडाली होती. नाणेवाला फारच गोड बोलला. न मागता चहा पाजला. वर म्हणाला, कधीही परत आणा, पूर्ण पैसे देईन, फक्त पाकीट उघडू नका. तिथेच शंकेची पाल चुकचुकली. माल चोख असलेला माणूस तो झाकून कशाला ठेवेल? फिटरचा उभा जन्म कारखान्यात गेलेला. कानस लावल्याशिवाय त्याने कुठल्या धातूवर विश्वास ठेवला नव्हता. बायकोचा तर नाणेवाल्यावरही नव्हता आणि नवऱ्यावरही.

कीस पांढराशुभ्र पडला. आणखी खोल घासलं, तरी आत तांबं दिसेना. बायकोने नाणं खिडकीशी नेऊन स्वतः निरखलं आणि कित्येक दिवसांनी मोकळं हसली.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला. भल्या माणसावर उगाच संशय घेतला, याची त्याला लाज वाटत होती.

"तुमच्यावर भरवसा नव्हता माझा," तो म्हणाला. "काल कानस लावून बघितली. अस्सल निघालं."

नाणेवाल्याने भिंगातून कड पाहिली. मग त्याने नाणं तराजूत ठेवलं.

"अस्सलच होतं. जाणकारांनी तपासूनच ते पाकीट बंद केलं होतं. लोक पैसे मोजतात ते हात न लावलेल्या नाण्याला. आता ही नुसती चांदी राहिली."

त्याने सांगितलेली किंमत दिलेल्या पैशांच्या पासंगालाही पुरत नव्हती. आता हा खरा रंग दाखवतोय, असं फिटरला वाटलं. तो तडक दुसऱ्या दुकानात गेला, मग तिसऱ्या. दोघांनीही कड पाहिली आणि नाणं तराजूतच टाकलं.

घरी बायको दारात वाट पाहत होती.

"काय म्हणाला?"

"अस्सल आहे म्हणाला."

"मला कालच खात्री पटली होती. पोरीला सांगून टाकलं, आता कशाला राबतेस, अभ्यासाला लाग. नोकरी सोडून आलीसुद्धा ती."