रुळांवरची कपाटं

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत यंदा इतक्या सुधारणा झाल्या की मला माझीच लायब्ररी ओळखू येईना. पुस्तकांना बारकोड लागले, दारात कार्ड दाखवायचं यंत्र आलं, नव्या पुस्तकांसाठी चाकांचं उंच स्टँड आलं आणि मागच्या बाजूला रुळांवरची कपाटं आली. आठ लोखंडी कपाटं एकमेकांना चिकटून उभी, प्रत्येकाला हाताने फिरवायचं चाक. चाक फिरवलं की कपाट सरकतं आणि मध्ये माणूस शिरेल एवढी गल्ली उघडते. पण जागा एकाच गल्लीपुरती. एक उघडली की दुसरी मिटते. आमचे नवे ग्रंथपाल किशोर सर यांनी मला हे तीनदा समजावलं आणि मी तीनदा मान डोलावली. मान डोलवायला काय जातं.

मी इथली मदतनीस, वनिता. भिवपुरीहून येते. अकरा वर्षं कंत्राटावर आहे आणि मला कायम करायची फाइल गेल्या दिवाळीपासून प्राचार्यांच्या टेबलावर पडून आहे. हात दगडाखाली असला की माणूस हुकुमाला आधी हो म्हणतो आणि मग घरी जाऊन भांडी आपटतो. माझं तसंच आहे.

त्या गुरुवारी पाहणी समिती यायची होती. वाचनकक्षात गणवेशातली, निवडलेली वीसच मुलं बसतील, बाकीच्यांना बारा वाजता घरी घालवा, असा हुकूम निघाला. निवडलेली म्हणजे कोण, तर जी एरवी लायब्ररीकडे फिरकत नाहीत पण इस्त्रीचे कपडे घालतात ती.

जनीला मी कुठे घालवणार? जनी दुसऱ्या वर्षाला, कशेळ्याच्या वर डोंगरात ठाकरवाडी आहे तिथली. तिच्या वाडीकडे जाणारी जीप तीनला. दुसऱ्या दिवशी भूगोलाचा पेपर, आणि तिला हवा होता तो जाड ग्रंथ घरी न्यायला मिळत नाही. जुनी कपाटं होती तेव्हा ती शेवटच्या गल्लीत फरशीवर मांडी घालून तासन्‌तास वाचत बसायची.

"बाई, मी आत बसू का? कोनाला दिसनार नाय," ती म्हणाली.

मला दया आली, आणि हुकूम काढणाऱ्यांची थोडी खोड मोडावी असंही वाटलं. मी भिंतीकडची शेवटची गल्ली उघडली. ती ग्रंथ घेऊन आत गेली. मी स्टँड ढकलून गल्लीच्या तोंडाशी लावलं.

"हूं का चूं करायचं नाय," मी म्हटलं. "सापडलीस तर माझी नोकरी गेली समज. मी हाक मारीन तेवाच बाहेर ये."

माझ्या डोक्यात अजून जुन्याच गल्ल्या होत्या, जागच्या जागी राहणाऱ्या. बावीस हात लांब खोलीत मी अकरा वर्षं डोळे मिटून फिरले आहे. चूक झाली ती तिथे.

समिती दीडला आली. दोन पुरुष आणि एक चष्मेवाल्या मॅडम, सोबत प्राचार्य. त्यांनी बारकोड पाहिले, दारातलं यंत्र पाहिलं, गणवेशातली मुलं पाहिली. मी पाण्याच्या ग्लासांचा ट्रे धरून मागे उभी होते आणि मनात म्हणत होते, आता जा. किशोर सर मात्र त्यांना कपाटांकडे घेऊन गेले.

"मॅडम, तुम्हीच फिरवून बघा. एका बोटाने फिरतं."

मॅडमनी दुसऱ्या कपाटाचं चाक धरलं. पहिली गल्ली उघडायला लागली आणि बाकीची कपाटं एकाला एक लागून भिंतीकडे निघाली. तेव्हा मला समजलं. एक उघडली की दुसरी मिटते, आणि मिटत होती ती जनीची.

एक फेरा झाला. मला वाटलं, एवढ्यावर थांबतील. दुसरा झाला. मी प्राचार्यांकडे पाहिलं आणि मला त्यांच्या टेबलावरची फाइल दिसली, खोटं कशाला बोलू. जनी ओरडेल, तिने ओरडावं, म्हणजे मला बोलायला नको, असं मी देवाजवळ मागत होते. आतून आवाज आला नाही. तिसरा फेरा झाला.

मग चाक अडलं.

"नवीन आहे ना, जरा घट्ट असतं," असं म्हणत किशोर सरांनी दोन्ही हात लावले.

"थांबा," मी म्हटलं, पण ते माझं मलाच ऐकू आलं. मी ट्रे टाकला. काचा फुटल्या तसे सगळे वळले. मी जाऊन चाकाला लटकले. "सर, हात काढा. आत पोरगी हाय."

सरांनीच चाक उलटं फिरवलं. मी स्टँड बाजूला ओढलं आणि आत बघायच्या आधी डोळे मिटले. मेलेली असेल तर मला बघायचं नव्हतं.

ती उभी होती, पाठ भिंतीकडच्या कपाटाला लावून. तो जाड ग्रंथ तिने दोन कपाटांच्या मध्ये आडवा ठोकून धरला होता. त्याचा पुठ्ठा दुमडला होता, शिवण उसवली होती. त्या ग्रंथापुरतीच जागा तिला उरली होती. तिच्या एका खांद्यावर लोखंडी कडेचा लाल वळ उठला होता.

"ओरडली का नाहीस?" किशोर सरांनी विचारलं.

जनी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाईंची नोकरी गेली असती."

प्राचार्यांनी विचारलं, हिला आत कोणी बसवलं. मी बसवलं, असं सांगितलं. त्यात मोठेपणा काही नाही, तेव्हा दुसरं काही सुचण्यासारखं डोकंच शिल्लक नव्हतं. फाइलीचं पुढे काय झालं ते मला अजून माहीत नाही.

शनिवारी जनीची आई गोदा वाडीवरून खाली उतरली. कॉलेजात ती पहिल्यांदाच येत होती. पळसाच्या पानांत बांधलेली करवंदं तिने माझ्या टेबलावर ठेवली आणि माझे दोन्ही हात धरले. तिचे हात खरखरीत होते आणि ती रडत होती.

"जनीनं सांगितलं मला. चाक हाललं न् बाई लगीच ओरडल्या. तुमी व्हत्या म्हनून माझी पोर हाय."

जनी तिच्या मागे उभी होती. कपाट पुढे सरकत येताना त्या गल्लीत ती होती. किती वेळ कोणी ओरडलं नाही हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. ती जमिनीकडे बघत राहिली.

खरं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. "बसा, पानी आनते," एवढंच बाहेर आलं. मी माठाकडे गेले आणि भरलेला तांब्या हातात घेऊन तिथेच उभी राहिले. मागे वळून त्या पोरीकडे बघायची मला भीती वाटत होती.