म्हैस शिंकली आणि वीणा चालत आली

या, पुढे सरकून बसा. दाराशी उभं राहून कथा ऐकली तर निम्मी वाऱ्याबरोबर निघून जाते. सतरंजी मोठी आहे, लेकरं मांडीवर घ्या, मोबाईलचा आवाज बंद करा. आज आसगावच्या कृष्णरावांची गोष्ट होईल. तिच्यात देवाचं नाव आहे, एक शिंकणारी म्हैस आहे आणि चार वर्षांची एक पोरगी आहे. या तिघांनी मिळून एका धडधाकट माणसाला ओसरीवर कसं खिळवून ठेवलं, ते ऐका.

कृष्णराव म्हणजे धानाचा शेतकरी आणि कीर्तनाचा वेडा. कुठल्याही गावात कीर्तनकार उभा राहिला की हा माणूस पहिल्या रांगेत. आवाज असा, की शेताच्या धुऱ्यावरून हाक मारली तर बोडीच्या तळ्यापलीकडचे बैल कान टवकारायचे. कथेच्या बाबतीत त्यांचा एकच नेम होता आणि तो साऱ्या गावाला ठाऊक होता. कथा चालू असताना उठायचं नाही. कोणी हळूच चप्पल शोधायला लागला की कृष्णराव मांडी न मोडता बोट वर करायचे, आणि तो बिचारा परत खाली बसायचा.

धान घरात आलं की आसगावच्या देवळात सप्ताह बसतो. सात दिवस नाम थांबत नाही आणि वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. ज्याचा त्याचा पहारा ठरलेला. कृष्णरावांचा पहारा दुपार कलल्यावरचा. त्यांच्या आधी गोमाजी, बोडीत मासे धरणारा त्यांचा लहानपणापासूनचा सोबती. गोमाजीच्या गळ्यातून आपल्या गळ्यात वीणा घेणं, हा कृष्णरावांचा वर्षाचा सण.

यंदा त्या सणाला आणखी एक सण जोडून आला होता. चिखल्याहून सून नीतू आणि नात गुंजन सप्ताहासाठी आल्या होत्या. मुलगा सचिन तिकडच्या मँगनीजच्या खाणीत कामाला. खाणीच्या वसाहतीत वाढलेली गुंजन अर्धी मराठी, अर्धी हिंदी बोलायची, आणि आबाजींना, म्हणजे कृष्णरावांना, ओळखायची ती फक्त फोनवरून.

आल्या आल्या घोटाळा झाला. कृष्णरावांनी आनंदाच्या भरात अंगणातूनच आरोळी ठोकली, "या, या, लक्ष्मीबाई!" पोरगी जी आईच्या ओढणीत शिरली, ती बाहेरच येईना. कृष्णरावांनी बोरं आणली, तिने ती आजीच्या हातून खाल्ली. वासरू दाखवलं, तिने ते आईच्या कडेवरून पाहिलं. मग ते कुजबुजत्या आवाजात बोलू लागले, पण त्यांची कुजबुजही शेजारच्या मालनबाईला घरात बसून ऐकू जायची.

त्यांची बायको रुखमाबाई म्हणाल्या, "देवाले ऐकू जावं म्हून वरडता, देव का बहिरा हाये? आन् लेकरू त नाहीच बहिरं."

"मी का मुद्दाम करून राहिलो का व?" कृष्णराव म्हणाले. "देवानंच भोंगा बसवला गळ्यात, त मी काय करू?"

हे दुःख ते रोज सकाळी बोडीच्या पाळीवर गोमाजीजवळ सांगायचे. "पोट्टी माह्या मांडीवर एक डाव नाही बसली, गोमा. सचिन येऊन घेऊन जाईन, मंग पुढच्या सालीच. तवापर्यंत ते मले विसरून जाईन." गोमाजी जाळं झटकत ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "येईन रे. मासोळी का वरडून गळाले लागते?"

आणि बघता बघता शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सचिन न्यायला येणार होता.

दुपारी कृष्णराव आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, गंध लावून ओसरीवर बसले होते. पहाऱ्याला अजून थोडा वेळ होता. देवळाच्या भोंग्यातून गोमाजीचा आवाज येत होता, "रामकृष्ण हरी, रामकृष्ण हरी." मागच्या अंगणात नीतू भाकरीचं पीठ मळत होती, रुखमाबाई महाप्रसादाचे तांदूळ निवडत होत्या. गुंजन एक पुस्तक काखेत धरून घरभर फिरत होती.

"मम्मी, वाच ना."

"हात भरले हायेत बेटा."

"आजी, वाच ना."

"मले चष्म्याबिगर म्हैस आन् मुंगी सारखीच दिसते व माय."

आता घरात वाचणारं एकच माणूस उरलं. गुंजन ओसरीच्या खांबाआड उभी राहिली. एक डोळा खांबाबाहेर काढून तिने आबाजींना निरखलं. कृष्णरावांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. देव भेटायला आला तर आधी हलायचं नाही, एवढं इतक्या कीर्तनांतून ते शिकले होते. मग त्यांच्या गुडघ्यावर पुस्तक आलं. आणि पुस्तकामागून, पाठ त्यांच्याकडे करून, गुंजन मांडीत येऊन बसली.

कृष्णरावांनी श्वाससुद्धा बेताने घेतला. पुस्तक उघडलं. पानभर चित्र, एक काळीभोर म्हैस, आणि खाली एकच ओळ.

"म्हैस शिंकली," त्यांनी वाचलं.

"फिर?" गुंजनने विचारलं.

पान उलटलं. म्हैस शिंकली म्हणून पाठीवरचा बगळा उडाला.

"फिर?"

बगळा उडाला म्हणून चोचीतला मासा सुटला. मासा सुटला तो बाजाराला निघालेल्या आजीबाईच्या डोक्यावरच्या टोपलीत पडला. मासा पाहून मांजरीने टोपलीवर उडी मारली. टोपली घरंगळत गेली ती थेट कोंबड्यांत. कोंबड्या अशा फडफडल्या, की गावभर पिसंच पिसं.

आता कृष्णरावांना राहवेना. कथा म्हटली की त्यांच्या अंगात यायचंच. आवाज खाली ठेवून, पण हात पसरून, ते म्हणाले, "आता इथे काय झालं असंन? कोंबडीचं एक पीस निघालं, वाऱ्यावर तरंगत, डुलत, लाजत..."

"म्हशीच्या नाकात!" गुंजन ओरडली.

"म्हशीच्या नाकात!" कृष्णराव म्हणाले, आणि कथा संपली म्हणून त्यांनी हात जोडले.

गुंजनने ते जोडलेले हात सोडवले, पुस्तक उलटवून पहिलं पान काढलं आणि म्हणाली, "म्हैस शिंकली! फिर?"

कृष्णरावांनी शेवटचं पान पाहिलं, पहिलं पान पाहिलं. पीस नाकात गेल्यावर म्हैस शिंकणारच. शिंकली की बगळा उडणारच. म्हणजे ही कथा संपतच नाही! त्यांचा चेहरा उजळला. "अखंड हाये हे त! वा रे लिहिणाऱ्या!"

पुन्हा बगळा उडाला, पुन्हा मांजर झेपावली. दुसऱ्या फेरीत कृष्णरावांनी आजीबाईला मालनबाईचं नाव दिलं, तिसऱ्या फेरीत कोंबड्यांना गावातल्या भांडकुदळ बायकांचे आवाज दिले. गुंजन हसून हसून त्यांच्या छातीवर डोकं आपटत होती. आणि तिकडे भोंग्यावर गोमाजीचं नाम जरा घाईत आलं होतं.

कृष्णरावांनी कान दिला. गोमाजीचा पहारा झाला होता. नव्हे, होऊन गेला होता.

"बाई, मले जा लागते आता," ते उठू बघत म्हणाले. "तिकडे गोमाआजा उभा हाये माह्यासाठी."

गुंजनने मान वळवली आणि त्यांच्या नाकासमोर बोट धरलं. "कथा चल रही है. उठाचं नाही."

दारात पिठाचे हात घेऊन उभी राहिलेली नीतू खळखळून हसली. कालच गुंजनला घेऊन ती कीर्तनातून उठू पाहत होती, तेव्हा सासऱ्यांनी हेच बोट वर केलं होतं. "मामाजी, तुमचाच नेम हाये. आता निभवा."

"हसू नको व. गोमा उभा हाये तिकडे."

"मी जाऊन सांगू का?"

"काय सांगशीन? म्हैस शिंकून राहिली, थांबा म्हून?"

"मंग द्या तिले माह्याकडे."

नीतूने हात पुढे केले. कृष्णरावांच्या मांडीवरचं ते एवढंसं ओझं जरा घट्ट झालं. गोमाजी वीणा खाली ठेवणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण आता पोरीला उचलून दिलं, तर ती पुन्हा येईल का, हे कोणाला ठाऊक होतं?

"राहू दे," ते म्हणाले. "नारायणा, जरा सांभाळून घे." आणि बगळा उडाला.

एवढ्यात भोंग्यातला आवाज हळूहळू दूर गेला. कृष्णरावांनी वाचता वाचता मान वर केली. नाम थांबलं की काय! पण नाम थांबलं नव्हतं. ते आता भोंग्याशिवाय, गल्लीतून येत होतं.

आधी वीणेचा भोपळा दिसला, मग गोमाजी. मागे टाळवाले, त्यांच्यामागे पोरं, आणि सगळ्यांत मागे काय चाललंय ते न कळलेलं एक कुत्रं. नामात खंड पडू द्यायचा नाही आणि संताप तर पोटात मावत नाही, म्हणून गोमाजी चालीतच भांडत आला.

"रामकृष्ण हरी... जिता हायेस का मेला... रामकृष्ण हरी... पाय गेले माहे... रामकृष्ण हरी..."

कुंपणापलीकडून मालनबाई ओरडल्या, "अवं माय! वीणा देवळाबाहेर? खंड पडला का जी?"

"दिंडीत फिरते तवा... रामकृष्ण हरी... कोण विचारते व... रामकृष्ण हरी..." गोमाजीने चाल न सोडता उत्तर दिलं आणि तो अंगणात शिरला.

शिरला आणि त्याने ओसरीवर पाहिलं. कृष्णरावांच्या मांडीवर गुंजन होती. एवढी माणसं बघून ती बावरली होती, आणि तिने आबाजींचा अंगठा मुठीत धरला होता.

गोमाजीची चाल एकदम संथ झाली. तोंडातलं भांडण विरघळलं, नाम तेवढं उरलं. कृष्णराव उठायला लागले, तर त्याने मानेनेच बजावलं, बस, हलू नको. रुखमाबाईंना खूण केली. त्यांनी तांब्या आणून बसल्या जागी नवऱ्याच्या हातापायांवर पाणी घातलं. मग गोमाजीने वाकून वीणा कृष्णरावांच्या गळ्यात घातली, आणि रीतीप्रमाणे वीणेकऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं. गुंजनचे पाय तिथेच लोंबत होते, त्यांनाही नमस्कार पोचला. पोरगी खुदकन हसली.

"आबाजी, वाचा ना."

कृष्णरावांच्या तोंडात आता नामच होतं, दुसरं काही बोलायची सोय नव्हती. गुंजनने थोडी वाट पाहिली. मग तिने स्वतःच पान उघडलं आणि गर्दीला चित्र दाखवत सांगितलं, "म्हैस शिंकली!"

"रामकृष्ण हरी," कृष्णराव म्हणाले.

"बगळा उडाला!"

"रामकृष्ण हरी," टाळवाल्यांनीही उचलून धरलं. मांजरीच्या उडीला तर असा टाळ वाजला, की मालनबाई कुंपण ओलांडून आल्या.

पण वीणा देवळात न्यायला हवी होती. कृष्णराव उठू लागले. एक हात वीणेला, एक चिपळ्यांना. पोरीला धरायला हात उरला नाही. गुंजन मांडीवरून घसरली आणि अंगणात उभी राहिली. समोर आई होती. "ये बेटा," नीतू म्हणाली.

गुंजनने आईकडे पाहिलं. पुढे जाऊन पुस्तक तिच्या हातात दिलं, "पकड," म्हणाली, आणि मागे फिरून आबाजींच्या धोतराचा सोगा धरला.

तेव्हा कृष्णरावांना नाम आवरेना. इतके दिवस दाबून ठेवलेला गळा उघडला, तोच, बैलांचे कान उभे करणारा. नीतूने डोळे मिटून घेतले. पोरगी आता घाबरणार. पण सोगा सुटला नाही. सबंध गल्लीभर, देवळाच्या पायऱ्यांपर्यंत तो ताणलेलाच होता, आणि धोतर सुटू नये म्हणून वीणेकरी जरा तिरका चालत होता.

देवळात पोचल्यावर गुंजन त्यांच्या पायाशी बसली आणि बसल्या बसल्या झोपली. गाल आबाजींच्या पावलावर. पहारा संपून पुढचा माणूस आला, त्याने वीणा घेतली. कृष्णरावांनी त्याला नुसत्या मानेने नमस्कार केला, पाऊल काही हलवलं नाही. लोक येत होते, आजा-नातीला पाहून हसत होते, कोणी फोटोही काढले.

त्या गर्दीत खांबाला टेकून, पाय लांब करून बसलेल्या गोमाजीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ज्याच्या गळ्यात वीणा असते त्याला सारे नमस्कार करतात. जो ती दुसऱ्याला देऊन बाजूला बसतो, त्याला सतरंजीवर जागाही कोणी विचारत नाही. पण त्या दुपारी आपला पहारा सरल्यावरही तो वीणा घेऊन उभा राहिला, ती चालत घेऊन आला, आणि अंगणातून एक नजर टाकून ज्याचं सुख त्याच्याच मांडीवर राहू दिलं.

तेव्हा मंडळी, उठायला हरकत नाही आता. फक्त एवढं करा. घरी गेल्यावर देवाजवळ दिवा लावाल, तेव्हा आसगावच्या गोमाजीची एकदा आठवण काढा.