दुसरा कागद

डॉक्टरांनी डायलिसिस थांबवून इरावतीबाईंना मुलुंडला घरी पाठवलं, त्याला पाच दिवस झाले होते. शरीर संपत आलं होतं, डोकं मात्र अजून ताळ्यावर होतं, आणि हीच त्यांच्या मुलीची, अनुपमाची, पंचाईत होती.

"मला हिरवी साडी नेसवायची की नाही, ते मी जायच्या आधी सांग," आईनं बजावलं होतं. "खोटी सवाष्ण म्हणून मला जायचं नाही."

अनुपमाचे बाबा, देवव्रत, हवाई दलात नॅव्हिगेटर होते. एकाहत्तरच्या डिसेंबरात त्यांचं बाँबर विमान सीमेपलीकडे पडलं. आत दोघंच, वैमानिक आणि ते. सरकारनं कळवलं, 'बेपत्ता, मृत समजावे.' समजावे म्हणजे काय, डोंबल? नवरा आहे की नाही, ही काय समजून घ्यायची गोष्ट आहे? आईनं कुंकू पुसलं नाही. तेव्हा पोटात असलेली अनुपमा आता त्रेपन्न वर्षांची होती. त्यातली तीस वर्षं तिनं अर्ज करण्यात आणि सुटून आलेल्या युद्धकैद्यांच्या घरांचे जिने चढण्यात घालवली होती. हाती भोपळा आला होता.

आणि आज सकाळी पलीकडून मेल आला. तिथला एक निवृत्त प्राध्यापक पडलेल्या विमानांच्या गावोगावच्या हकिकती जमवायचा. अनुपमानं त्याला दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं. त्याला आता ते गाव सापडलं होतं. वैमानिक जागीच गेला. नॅव्हिगेटर तीन दिवस शाळामास्तरांच्या घरी जिवंत होता. मग तोही गेला, दोघांना गावानं कालव्याकाठी पुरलं. मास्तरांनी त्याच्या खिशातल्या पत्त्यावर इंग्रजीत पत्र लिहिलं आणि टपाल बंद म्हणून कुवेतमधल्या भावाकरवी धाडलं. दोन कागद होते. पहिल्यावर बातमी, दुसऱ्यावर त्यानं बायकोसाठी सांगितलेला निरोप. मास्तर हयात नाहीत, पण पत्र तुम्हाला मिळालं असेलच, असं प्राध्यापकानं लिहिलं होतं.

कसलं पत्र? पत्ता घाटकोपरच्या जुन्या घराचा होता. त्या घरात तेव्हा राहणाऱ्यांपैकी आईखेरीज एकच माणूस उरला होता, बाबांचे थोरले भाऊ शिवदासकाका. शेजारच्या अस्मिताला आईपाशी बसवून अनुपमानं बोरिवलीसाठी रिक्षा पकडली. लिंक रोडवर तासभर गाड्या हलेनात, आणि ती आईच्या श्वासांचा हिशेब मांडत बसली.

काका चौऱ्याऐंशीचे. तिनं मेल मोठ्यानं वाचून दाखवला, तसा त्यांचा चेहरा पडला.

"आलं होतं," ते म्हणाले. "फेब्रुवारीत. तुझ्या आईला सातवा महिना, ती आत निजलेली. आबांनी, तुझ्या आजोबांनी, दारातच फोडलं, पहिला कागद वाचला, नि..."

"नि काय, काका?"

"मरणाचं पत्र कोणी घरात ठेवतं का गं? उभ्या उभ्या फाडलं नि गटारात टाकलं. मग दोघांनी आंघोळी केल्या."

"आणि दुसरा कागद?"

"त्याच्यासकट फाडलं. बातमी कळल्यावर पुढचं कोण वाचतं?"

अनुपमानं विचारलं, "आईला का नाही सांगितलंत?"

"म्हटलं, बाळंतपण होऊ दे. मग तुझं बारसं झालं, तुला दात आले, शाळा सुरू झाली... कुठल्या तोंडानं सांगायचं? दर पितृपक्षात पान वाढतो गं मी देवूला."

"तुम्ही इथे पान वाढत होता, आणि माझी आई तिकडे सवाष्ण म्हणून मंगळागौरी जेवत होती!" ती किंचाळली. "पन्नास वर्षं दाराची बेल वाजली की धडपडत उठायची ती! वाट लावलीत काका तुम्ही तिच्या आयुष्याची!"

काकांनी हात जोडले. तिला त्यांची किळस आली आणि दयाही आली. तिनं त्यांचे जोडलेले हात धरून हलवले. "काहीतरी आठवा. एखादा शब्द तरी."

"मी तो पाहिलाच नाही, पोरी."

परतीच्या वाटेवर तिनं ठरवलं, बाबा गेल्याचं सांगायचं, पत्राचं नाव काढायचं नाही. आपल्या नावाचं बोलणं दारापर्यंत येऊन गटारात गेलं, हे घेऊन आईनं कशाला जायचं?

घरी येताच अस्मिता उठून गेली. अनुपमानं आईच्या उशाशी बसून सांगितलं, विमान, मास्तरांचं घर, तीन दिवस, कालवा. आई डोळे मिटून ऐकत राहिली. रडली नाही.

"म्हणजे हिरवी नको," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "तीन दिवस शुद्धीवर होते?"

"हो, आई."

"मग माझ्यासाठी काही म्हणाले असतील ना गं?"

"हो, म्हणाले ना," अनुपमाच्या तोंडून निघून गेलं.

आईनं डोळे उघडले आणि मोठ्या कष्टानं मान तिच्याकडे वळवली. अनुपमानं बाबांचा आवाज कधी ऐकला नव्हता. ते आईला एकांतात काय हाक मारायचे, हेसुद्धा तिला माहीत नव्हतं.

"सांग ना," आई म्हणाली.